सेटिंग्जची खिडकी कोण बांधतं?

फोनवरची अक्षरं मोठी करायची असली, की घरातल्या आजीसुद्धा सेटिंग्ज उघडून पट्टी सरकवतात. पट्टी टोकाला पोचली की थांबते, त्यापुढे नेताच येत नाही. फार मोठी झाली अक्षरं, तर परत मागे ओढायची. बिघडण्यासारखं त्यात काहीच नाही.

आता दुसरं दृश्य पाहा. दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्यासाठी जगभर 'ओपनएसएसएच' हे मुक्त सॉफ्टवेअर वापरतात. असंख्य सर्व्हरांचं पुढचं दार त्याच्या हवाली असतं. त्याच्या सेटिंग्ज मात्र एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये असतात. तिथे ना पट्टी, ना बटण. नुसत्या एकाखाली एक ओळी: 'पोर्ट २२', 'परमिट रूट लॉगिन नो', आणि अशाच पुढे. एखाद्या ओळीतल्या नावाचं एक अक्षर गळलं आणि तशीच सेवा बंद करून पुन्हा सुरू केली, तर ती सुरूच होत नाही. संगणक समोर असला तर ठीक. पाचशे किलोमीटरवर असला, तर किल्ली आत राहून दार लागल्यासारखी गत होते.

जगाचा भार पेलणारं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना सेटिंग्जसाठी एक साधी खिडकी बांधता येऊ नये? हा प्रश्न लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीशी पहिल्यांदा गाठ पडलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी विचारलेला असतो.

बांधता येते. अनेकांनी अनेकदा बांधलीही. अडचण ती टिकवण्याची आहे. मुक्त सॉफ्टवेअर सतत बदलत असतं. आज एक सेटिंग वाढते, उद्या एक रद्द होते, परवा तिसरीचा अर्थ थोडा सरकतो. इंजिन, म्हणजे मूळ सॉफ्टवेअर, लिहिणारे वेगळे, खिडकी बांधणारे वेगळे, आणि बहुतेक जण फावल्या वेळात काम करणारे. खिडकी बांधणाऱ्याची नोकरी बदलली, घरी लहान मूल आलं, की खिडकी आहे तिथे थांबते आणि इंजिन पुढे निघून जातं. दोन वर्षांनी त्या खिडकीत अशी बटणं उरतात, जी दाबून काहीच होत नाही. नव्या सेटिंग्जना तर तिथे जागाच नसते.

म्हणून काही जणांनी वेगळा विचार केला. खिडकी हाताने बांधायचीच नाही. सेटिंग्जचं नीट वर्णन लिहायचं आणि खिडकी त्या वर्णनातून यंत्राकडून करून घ्यायची.

फाईलचा राग करण्याआधी

मजकुराची फाईल टिकून राहिली, त्याला सबळ कारणं आहेत. ती कॉपी करून दुसऱ्या संगणकावर नेता येते. कालची आणि आजची शेजारी ठेवून काय बदललं ते पाहता येतं. मुख्य म्हणजे तिच्यात शेरे लिहिता येतात. ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाकलं, की पुढचं सगळं प्रोग्रॅम सोडून देतो आणि माणूस वाचतो. 'हे पोर्ट अमुक कारणासाठी बदललं, परत २२ करू नये', अशी एक ओळ मागच्या माणसाने लिहून ठेवलेली सापडते, तेव्हा तिचं मोल कळतं.

पण फाईल स्वतःहून काहीच सांगत नाही. पोर्टची किंमत १ ते ६५५३५ यांमध्येच हवी, हे तिच्यावर कुठे लिहिलेलं नसतं. 'परमिट रूट लॉगिन' म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याला बाहेरून थेट आत घ्यायचं का, हा प्रश्न. त्याला चार उत्तरं चालतात: हो, नाही, पासवर्डने नको पण डिजिटल किल्ली असेल तर चालेल, आणि ठरावीक आज्ञांपुरतंच. फाईलकडे पाहून यातलं काय कळणार? शिवाय हीच सेटिंग चुकून दोनदा लिहिली गेली, तर ओपनएसएसएच पहिली ओळ खरी मानतं. इतर बऱ्याच प्रोग्रॅममध्ये शेवटची ओळ जिंकते. फाईलच्या तळाशी नवी ओळ घालून 'बदल का लागू होत नाही' म्हणून तासन्‌तास डोकं धरून बसलेली माणसं काही कमी नाहीत.

म्हणजे मर्यादा, पर्याय, अर्थ, नियम ही सगळी माहिती असते. पण ती प्रोग्रॅमच्या पोटात नाहीतर लांबलचक मॅन्युअलमध्ये असते. ज्या क्षणी हात फाईलवर असतो, त्या क्षणी समोर नसते.

आचाऱ्याचा फॉर्म

लग्नाच्या जेवणाची ऑर्डर घेणारा मुरलेला आचारी डोळ्यांसमोर आणा. तो वही काढून आधी विचारतो, 'पंगत की बुफे?' पंगत म्हटलं, की पुढचा प्रश्न येतो, 'केळीचं पान की ताट?' बुफे म्हटलं तर पानाचा विषयच निघत नाही. 'माणसं किती?' याला तो आकड्यातच उत्तर मागतो, 'बरीच' म्हटलेलं चालत नाही. पुरणपोळी सांगितली की पुरणयंत्र तो आपणहून यादीत लिहितो, त्यासाठी आपल्याला विचारत नाही. जिलेबी सांगितली की म्हणतो, 'मग मठ्ठा धरतोच, नको असेल तर सांगा.' आणि ज्याबद्दल आपण काहीच बोललो नाही, तिथे त्याचं नेहमीचं ठरलेलं असतं. मीठ-लिंबू कुणी सांगावं लागत नाही.

या आचाऱ्याच्या डोक्यातलं सगळं कागदावर उतरवलं तर त्यात काय काय येईल? प्रत्येक प्रश्नाचं नाव. उत्तराचा प्रकार: हो-नाही, आकडा, की चारांतलं एक. आकड्याला वरची-खालची मर्यादा. काहीच न सांगितल्यास काय धरायचं, म्हणजे डिफॉल्ट. कोणता प्रश्न कोणत्या उत्तरावर अवलंबून आहे. कशामुळे काय आपोआप येतं. आणि गोंधळलेल्या यजमानाला समजावून सांगायची दोन वाक्यं.

एवढं लिहून ठेवलं, की फॉर्म कुणीही छापू शकतो. कागदावर, फोनवर, किंवा टेलिफोनवरून एकेक प्रश्न विचारूनही. संगणकाला तर हे काम फारच सोपं जातं. उत्तर हो-नाही असेल तर तो खूण करायचा चौकोन काढतो, चारांतलं एक असेल तर यादी उघडतो, आकडा असेल तर आकड्यांची पेटी ठेवून मर्यादेबाहेरचं अडवतो. अशा वर्णनाला या क्षेत्रात 'स्कीमा' किंवा 'मॉडेल' म्हणतात. आपण त्याला टिपण म्हणू.

[चौकट]
एक टिपण, अनेक चेहरे
नाव: पोर्ट
प्रकार: पूर्णांक
मर्यादा: १ ते ६५५३५
डिफॉल्ट: २२
प्रश्न: बाहेरून येणाऱ्यांसाठी कोणता दार-क्रमांक ठेवायचा?
मदत: क्रमांक बदलल्यास येणाऱ्यांनाही तो कळवावा लागेल. खात्री नसेल तर २२ राहू द्या.

माउसच्या खिडकीत याची आकड्यांची पेटी होते. काळ्या पडद्यावर एक प्रश्न आणि पुढे लुकलुकणारी रेघ. माणूस समोर नसेल तर काहीच न दिसता २२ धरलं जातं. कुणी ७०००० लिहिलं तर तिन्ही ठिकाणी ते अडवता येतं, आणि त्यासाठी वेगळी ओळ लिहावी लागत नाही.
[चौकट समाप्त]

दहा हजारांहून जास्त प्रश्न

ही कल्पना सर्वांत मोठ्या प्रमाणावर जिथे राबते, ती जागा म्हणजे लिनक्सचं कर्नल. संगणकाचं लोखंड आणि वर चालणारी सॉफ्टवेअरं यांच्यामधला हा गाभा. तो बांधताना, म्हणजे मूळ कोडमधून चालवण्याजोगा प्रोग्रॅम तयार करताना, कोणते भाग आत घ्यायचे ते ठरवावं लागतं. अशा निवडींची संख्या दहा हजारांच्या वर आहे. इतक्या प्रश्नांसाठी हाताने खिडकी बांधणं अशक्यच.

१९९०च्या दशकात कर्नलचे प्रश्न एका साध्या स्क्रिप्टसारख्या भाषेत लिहिलेले असत. प्रश्न विचारणारे प्रोग्रॅम तीन होते आणि तिघे वेगवेगळ्या तंत्रांनी लिहिलेले. तीच भाषा तिघे थोड्या वेगळ्या पद्धतीने वाचायचे. मदतीचा सगळा मजकूर एकाच भल्यामोठ्या फाईलमध्ये होता. प्रश्न एका ठिकाणी, त्याचा खुलासा दुसऱ्याच गावी.

एरिक रेमंड या अमेरिकी प्रोग्रॅमरने हे सगळं मोडून नवी व्यवस्था मांडली. तिचं नाव सीएमएल-२. ती पायथन भाषेत होती, आणि सगळा बदल एका फटक्यात करावा लागणार होता. दोन्ही गोष्टींना कर्नलच्या लोकांचा विरोध झाला, वाद लांबला, आणि लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने ती स्वीकारली नाही. मग रोमन झिप्पेल याने सी भाषेत आटोपशीर व्यवस्था लिहिली. २००२च्या ऑक्टोबरअखेर, २.५.४५ या आवृत्तीत, ती कर्नलमध्ये दाखल झाली. तिचंच नाव केकॉन्फिग.

केकॉन्फिगने एक साधी गोष्ट केली, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. त्या-त्या फोल्डरमधल्या प्रश्नांच्या टिपणातच, थेट प्रश्नाखाली, मदतीचा मजकूर आणला. नव्या उपकरणासाठी कोड लिहिणारा माणूस आता त्याच फोल्डरमध्ये चार-पाच ओळींचं टिपणही लिहितो. खिडकी त्याला ठाऊकही नसते. तिकडे खिडकी बांधणाऱ्याला ते उपकरण ठाऊक नसतं. दोघांची गाठ फक्त टिपणात पडते.

आज्ञा दिली की याच टिपणांतून हवा तो चेहरा उभा राहतो. एक चेहरा प्रश्नामागून प्रश्न विचारत जातो. एक माउसने चालतो. सर्वांत लाडका आहे तो 'मेनूकॉन्फिग': निळा पडदा, मध्ये राखाडी चौकट, बाणांच्या कळांनी वर-खाली जायचं. नीट पाहिलं तर प्रत्येक ओळीआधी वेगवेगळे कंस दिसतात. चौकोनी कंस म्हणजे हो किंवा नाही एवढंच उत्तर. टोकदार कंस म्हणजे उत्तरं तीन: हो, नाही, आणि 'मॉड्यूल'. हा तिसरा प्रकार घरातल्या मोठ्या पातेल्यासारखा. रोज ओट्यावर नको, पण माळ्यावर असू द्यावं, पाहुणे आले की काढता येतं. उपकरण जोडलं की कर्नल तो भाग आत घेतं. काही ओळींआधी मात्र कंस नसतातच, दोन आडव्या रेघांमध्ये एक तारा असतो. ते आपलं पुरणयंत्र. दुसऱ्या कशाने तरी ते ओढून आणलंय, त्यामुळे आपल्याला काढता येत नाही.

टिपणात हे ओढून आणणं 'सिलेक्ट' या शब्दाने लिहितात, अवलंबून असणं 'डिपेंड्स ऑन'ने, आणि जिलेबी-मठ्ठ्यासारखी शिफारस 'इम्प्लाय'ने. यातला सिलेक्ट जपून वापरा असं केकॉन्फिगचं स्वतःचं मार्गदर्शन बजावतं. कारण तो ज्याला ओढून आणतो, त्याच्या स्वतःच्या गरजा भागल्या आहेत का हे पाहत नाही. मिक्सर घरी आणला, पण घरात वीज आहे का, हे कुणी पाहिलंच नाही, तसं होतं.

उलट बाजूची तक्रारही खरी आहे. अवलंबून असलेला प्रश्न अट पुरी होईपर्यंत दिसतच नाही. नवखा माणूस हवी ती ओळ शोधून थकतो. ती आहे, पण दुसऱ्या मेनूतल्या एका 'नाही'मागे लपली आहे. अशा वेळी तिरपी रेघ दाबून नाव शोधलं, की ती ओळ कोणत्या मेनूत आहे आणि कशावर अवलंबून आहे हे पडद्यावर येतं. टिपणातली माहितीच इथे तिसऱ्यांदा कामी येते.

'नाही' आणि 'विचारलंच नाही'

केकॉन्फिग सगळी उत्तरं शेवटी एका मजकुराच्या फाईलमध्ये लिहून ठेवतं. 'हो'ची ओळ सरळ असते: नाव, बरोबरचं चिन्ह, आणि वाय हे अक्षर. 'नाही'ची ओळ मात्र हॅशने सुरू होते आणि 'अमुक ठरवलेलं नाही' असं इंग्रजीत सांगते. बघणाऱ्याला तो माणसासाठी लिहिलेला शेरा वाटतो. प्रत्यक्षात केकॉन्फिग ती ओळ वाचतं आणि तिचा अर्थ लावतं.

असं का केलं असेल? समजा सहा महिन्यांनी कर्नलची नवी आवृत्ती आली. त्यात काही नवे प्रश्न आहेत. जुन्या हजारो उत्तरांवर परत जायची कुणाचीच तयारी नसते. 'ओल्डकॉन्फिग' ही आज्ञा जुनी फाईल घेते आणि फक्त नवे प्रश्न विचारते. त्यासाठी तिला एक फरक कळावा लागतो: या प्रश्नाला माणसाने 'नाही' म्हटलं होतं, की हा प्रश्न त्याच्यापुढे आलाच नव्हता? हॅशची ओळ असेल तर 'नाही' म्हटलं होतं. ओळच नसेल तर प्रश्न नवा आहे. माणसाने दिलेलं उत्तर जपायचं, ते दुसऱ्यांदा मागायचं नाही. किती साध्या खुणेवर हे साधलंय!

ही व्यवस्था इतकी उपयोगी ठरली, की ती कर्नलबाहेरही गेली. छोट्या उपकरणांमधला बिझीबॉक्स, राउटरवर चालणारी ओपनडब्ल्यूआरटी, लहान इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठीची झेफर, या सगळ्यांनी केकॉन्फिगची पद्धत उचलली. टिपणाचा आणखी एक फायदा कुणी सुरुवातीला योजलाही नसेल. 'रँडकॉन्फिग' आज्ञा टिपणाच्या नियमांत राहून वाटेल ती उत्तरं निवडते आणि तशा जुळणीचं कर्नल बांधता येतं का ते तपासता येतं. माणसाला सुचणारही नाहीत अशा जोड्या त्यातून तपासल्या जातात.

लिहून परत ठेवताना

कर्नलची फाईल केकॉन्फिगच्या मालकीची असते, त्यामुळे तिथे एक मोठं दुखणं टळलं. इतर बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तीच फाईल माणूसही लिहितो आणि खिडकीही.

विंडोज आणि लिनक्स संगणकांमध्ये फाईली वाटून घेण्यासाठी सांबा हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याच्यासोबत पूर्वी 'स्वॉट' नावाची खिडकी यायची, ब्राउझरमध्ये उघडणारी. तिची रचना चतुर होती. सांबाच्या कोडमध्ये सर्व सेटिंग्जचा एक तक्ता आहे: नाव, प्रकार, सोपी की प्रगत. सांबा स्वतः फाईल वाचताना तोच तक्ता वापरतं. स्वॉट आपले फॉर्म याच तक्त्यातून तयार करायचं. त्यामुळे सेटिंग वाढली की फॉर्ममध्ये आपोआप जागा व्हायची. टिपण आणि इंजिन यांच्यात फारकत होण्याची भीतीच नाही.

पण 'सेव्ह' केलं, की स्वॉट सगळी फाईल स्वतःच्या पद्धतीने नव्याने लिहायचं. ओळींचा क्रम बदलायचा आणि माणसाने लिहिलेले शेरे पुसले जायचे. त्याचं मॅन्युअलच सांगत असे, की काळजीपूर्वक रचलेली फाईल असेल तर आधी प्रत काढून ठेवा, नाहीतर स्वॉट वापरू नका. पुढे त्यात सुरक्षेच्या त्रुटीही वारंवार सापडू लागल्या, देखभालीला कुणी उरलं नाही, आणि २०१३मध्ये आलेल्या सांबा ४.१मधून स्वॉट काढून टाकण्यात आलं.

'परत का बदलू नये' हे लिहून ठेवणाऱ्या मागच्या माणसाची ओळ यंत्राने पुसावी, हे मला कधीच मान्य होणार नाही. सुदैवाने यावर उत्तर शोधलं गेलं. डेव्हिड लुटरकोर्ट याने लिहिलेल्या 'ऑगियस' या साधनात प्रत्येक प्रकारच्या फाईलसाठी एक 'भिंग' असतं. भिंगातून पाहिलं, की मजकुराच्या जागी नीट मांडलेली झाडासारखी रचना दिसते: फाईल, तिच्यात नोंद, नोंदीत पत्ता आणि नाव. आपण झाडाचं एक पान बदलायचं. त्याच भिंगातून उलट बाजूने तो बदल मूळ मजकुरात नेमक्या जागी बसवला जातो. आजूबाजूच्या मोकळ्या जागा, शेरे, ओळींचा क्रम, कशालाही धक्का लागत नाही. वाचायचा नियम आणि परत लिहायचा नियम वेगवेगळे लिहिले की कधीतरी ते एकमेकांशी भांडतात. म्हणून भिंग एकच, दोन्ही बाजूंनी चालणारं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संगणकशास्त्रज्ञांच्या संशोधनातून आलेली ही कल्पना आहे.

दुसरा धोका याहून छुपा आहे. ओपनएसएसएचमध्ये 'परमिट रूट लॉगिन'चा डिफॉल्ट पूर्वी 'हो' होता. २०१५मध्ये, ७.० या आवृत्तीपासून, तो 'पासवर्डने नको' असा बदलला, कारण पासवर्ड अंदाजाने फोडण्याचे प्रयत्न सतत चालू असतात. ज्यांनी फाईलमध्ये ही ओळ लिहिलीच नव्हती, त्यांना नवं संरक्षण न मागता मिळालं. आता अशी खिडकी घ्या, जी उघडताना सगळ्या सेटिंग्ज दाखवते आणि 'सेव्ह' करताना दिसणाऱ्या सगळ्या लिहून टाकते. कुणी २०१४मध्ये तिच्यातून फक्त पोर्ट बदललं असेल, तरी 'परमिट रूट लॉगिन हो' ही ओळ फाईलमध्ये कायमची बसली. पुढे डिफॉल्ट बदलला, तरी त्या संगणकाला त्याचा पत्ता नाही.

डोमिनिक ड्युमाँ याच्या 'कॉन्फिग-मॉडेल' या साधनाने हा फरक टिपणातच केला आहे. मूळ सॉफ्टवेअरचा डिफॉल्ट ते निराळा नोंदतं. खिडकीत तो दिसतो, पण माणसाने स्वतः काही निवडल्याशिवाय फाईलमध्ये लिहिला जात नाही. एकदा मॉडेल लिहिलं, की त्यातून संपादनाची खिडकी मिळते, चुका तपासणारी आज्ञा मिळते, आणि जुन्या पद्धतीची फाईल नव्या पद्धतीत नेताही येते. मॉडेल लिहिणारे मात्र मूळ सॉफ्टवेअरचे लेखक नसतात, त्यामुळे मागे पडण्याची भीती इथे परत येते. म्हणून 'सिस्टमडी'सारख्या मोठ्या सॉफ्टवेअरसाठी मॉडेल हाताने न लिहिता त्याच्या अधिकृत मॅन्युअलच्या मजकुरातून यंत्राने काढतात. मॅन्युअल शिस्तीत लिहिलेलं असेल तरच हे जमतं.

तोच प्रश्न मराठीत

डेबियन ही लिनक्सची जुनी आणि मोठी मुक्त वितरणप्रणाली. तिथे सॉफ्टवेअर बसवताना जे प्रश्न विचारले जातात, ते 'डेबकॉन्फ' या व्यवस्थेतून येतात. ती जोई हेस याने लिहिली. कोणत्याही पॅकेजने स्वतः पडद्यावर काही लिहायचं नाही. प्रश्नाचं टिपण द्यायचं, ते कसं दाखवायचं हे डेबकॉन्फ ठरवेल.

या टिपणात एक जागा भाषेसाठी असते. मूळ प्रश्न इंग्रजीत, त्याखाली फ्रेंचमध्ये, जपानीत, मराठीत. भाषांतर करणाऱ्याला प्रोग्रॅमच्या कोडला हात लावावा लागत नाही. त्याच्यापुढे दोन ओळी असतात: वर मूळ वाक्य, खाली रिकामी जागा. कुणीतरी संध्याकाळी बसून ती जागा भरतं.

२००९च्या फेब्रुवारीत डेबियनची 'लेनी' ही आवृत्ती आली, तेव्हा ती ६३ भाषांतून बसवता येत होती आणि नव्याने सामील झालेल्या भाषांमध्ये मराठी होती. त्या ६३पैकी ५० भाषा साध्या अक्षरी पडद्यावर चालत. उरलेल्या १३ फक्त चित्रमय खिडकीत, आणि मराठी त्या तेरांत होती. अक्षरी पडद्यावर सारख्या मापाच्या घरांत एकेक अक्षर बसवायचं असतं. तिथे वेलांटी व्यंजनाच्या आधी आणणं, 'क्ष' किंवा 'र्थ' जोडून काढणं त्याला जमत नाही. चित्रमय खिडकी हे करते. पण भाषांतरकाराला दोनदा काम करावं लागलं नाही. टिपण एकच होतं, एका चेहऱ्याला ते दाखवता येत होतं आणि दुसऱ्याला नव्हतं. खिडकी हाताने बांधलेली असती, तर मराठी वाक्यं कोडमध्ये शोधून शोधून बदलावी लागली असती, आणि त्या वाटेला कुणी गेलं असतं का, याची मला शंका आहे.

किती विचारायचं?

इतकं सगळं असूनही आपोआप झालेली खिडकी वापरायला सोपी असेलच असं नाही. फायरफॉक्स ब्राउझरचं 'अबाउट कॉन्फिग' हे पान उघडून पाहा. हजारो सेटिंग्जची यादी मिळते. हो-नाहीच्या जागी बटण, आकड्याच्या जागी पेटी, सगळं प्रकारानुसार बरोबर. पण खुलाशाचं एकही वाक्य नाही. नाव वाचून अर्थ लागला तर लागला. म्हणून तिथे शिरताना आधी सावधगिरीची सूचना मिळते. नोम डेस्कटॉपच्या 'डीकॉन्फ एडिटर'मध्ये तीच कल्पना एक पायरी पुढे गेलेली दिसते. तिथल्या टिपणात सारांश आणि खुलासा असतो, तो खिडकीत येतो. तरीही नोमची रोजच्या वापराची सेटिंग्ज खिडकी आजही माणसंच बांधतात, आणि तिच्यात त्या ढिगातल्या मोजक्याच गोष्टी असतात.

२००४मध्ये एरिक रेमंडने एक लेख लिहून खळबळ उडवली होती. त्याला घरातल्या दुसऱ्या संगणकाला जोडलेला प्रिंटर वापरायचा होता. खिडकी होती, यादी होती, बटणंही होती. पण प्रश्न आला प्रिंटर कोणत्या प्रकारच्या नेटवर्कवरचा, आणि पर्याय म्हणून नुसती तांत्रिक नावं. संगणकाशी फारसा संबंध न आलेली 'आंट टिली' ही काल्पनिक मावशी तो अशा वादांत नेहमी पुढे करायचा. या मावशीने यातलं काय निवडावं, असं त्याने विचारलं. नेटवर्कवर कोणते प्रिंटर आहेत हे सॉफ्टवेअरला स्वतः पाहता आलं असतं, म्हणजे तो प्रश्नच नको होता. इंजिनाच्या आत जशी कप्प्यांची मांडणी, तशीच ती पडद्यावर आली होती. आपोआप बनणाऱ्या खिडक्यांना हा धोका नेहमीच असतो, कारण टिपण लिहिणारा इंजिनाच्या बाजूला बसलेला असतो.

डेबकॉन्फने यासाठी प्रत्येक प्रश्नाला महत्त्वाचा दर्जा द्यायला लावला: अत्यावश्यक, उच्च, मध्यम, कनिष्ठ. वापरणाऱ्याने एकदा पातळी ठरवली, की तिच्याखालचे प्रश्न न विचारता डिफॉल्ट धरला जातो. पण कोणता प्रश्न कोणत्या पातळीचा, हे लिहिणाऱ्या माणसानेच ठरवायचं. तिथे यंत्राची मदत नाही.

कर्नलच्या मदत-मजकुरांत शेवटी बहुधा एक छोटं वाक्य असतं: खात्री नसेल तर अमुक उत्तर द्या. प्रश्न समजला नाही तरी पुढे जाता यावं, म्हणून लिहिणाऱ्याने धरलेला हा हात. एकाहून जास्त प्रोसेसर वापरायचे का, या प्रश्नाखालीही ते वाक्य होतं, आणि सल्ला होता 'नाही'चा. बहुतेक संगणकांत एकच प्रोसेसर असायचा, तेव्हाचा तो सल्ला. पुढे खिशातल्या फोनमध्येही प्रोसेसरचे आठ गाभे आले, तरी तो बराच काळ तसाच राहिला. निळ्या पडद्यावर तो बिनचूक उमटत होता, माउसच्या खिडकीतही उमटत होता, शोधलं की सापडत होता. तो बदलायला सी भाषा यावी लागत नाही. केकॉन्फिग नावाची मजकुराची फाईल उघडायची, ते एक वाक्य पुन्हा लिहायचं, आणि दुरुस्ती म्हणून पाठवून द्यायची.